इतक्या वर्षांनी बी.एड., मग शिष्यवृत्ती मिळेल का?

प्रश्न : मी 36 वर्षांची, अनुसूचित जातीची. 2011 साली बी.ए. झाले, मग लग्न, दोन मुलं. यंदा सीईटी दिली, बी.एड.ला नंबर लागेल असं वाटतं. पतींचं उत्पन्न वर्षाला 2 लाख 20 हजार. सासऱ्यांची पेन्शन धरली तर आकडा अडीच लाखांच्या पुढे जातो. शिकवणी वर्गात शिकवून मला महिन्याला चार हजार मिळतात. वय आणि मधली वर्षं बघून शिष्यवृत्ती नाकारतील का? जाऊबाईंनाही बी.ए.नंतर आता बी.कॉम. करायचंय. त्यांना मिळेल?
— एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, वयाची धास्ती आधी सोडा. मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीच्या, शिष्यवृत्तीला वयाची अट नाही. खंड पडला म्हणूनही अर्ज बाद होत नाही. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवर, मागची शैक्षणिक माहिती भरताना तो दाखवायचा आणि गॅप सर्टिफिकेट (खंडाचा दाखला) जोडायचं. कारण सरळ लिहा, 'लग्न व संसार'. त्यात लाजायचं काही नाही.

खरी मेख उत्पन्नात आहे. कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळताना मी पाहिलंय, लोक अख्ख्या घराची कमाई एकत्र करतात आणि अर्ज न भरताच घरी बसतात. नियम असा की विवाहित, नोकरी नसलेल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत फक्त पतीचं उत्पन्न धरायचं. घरात बाकी कोणीही कमावत असो. त्यामुळे सासऱ्यांची पेन्शन बाजूला ठेवा. तहसीलदारांचा दाखला पतींच्या उत्पन्नाचा काढा. 2 लाख 20 हजार हे शिष्यवृत्तीच्या अडीच लाखांच्या मर्यादेत बसतात.

मात्र शिकवणी चालू ठेवलीत तर तुमचे वर्षाचे 48 हजार त्यात मिळवले जातील आणि बेरीज 2 लाख 68 हजार होईल. बी.एड. दोन वर्षांचं, पूर्णवेळ, वर हजेरीही पाहिली जाते. माझं मत विचाराल तर शिकवणी सोडाच. तरीही मर्यादा ओलांडली गेलीच, तर अनुसूचित जातीसाठी फ्रीशिप आहे. त्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळतं, निर्वाह भत्ता मिळत नाही. प्रवेश मात्र कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घ्या. संस्थेच्या कोट्यातून जागा घेतली तर शिष्यवृत्तीवर पाणी सोडावं लागतं.

जाऊबाईंना नाही मिळणार. एक टप्पा पार केल्यावर त्याच टप्प्यावर दुसऱ्या विषयात शिकणं या योजनेत चालत नाही, आणि बी.ए.नंतर बी.कॉम. म्हणजे नेमकं तेच. तुमचं बी.एड. त्यात अडकत नाही. पुढे एलएलबीचा विचार असेल तरी धास्ती नको, कारण या योजनेत दोन व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुभा आहे.

कागदपत्रांत लग्न झालेल्या बायकांचं घोडं एकाच जागी अडतं. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र माहेरच्या नावाने, गुणपत्रिकाही माहेरच्या, आधार सासरच्या. जात जन्माने ठरते, म्हणून दाखला वडिलांकडचाच चालतो. तो नव्याने काढायच्या भानगडीत पडू नका. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलाचं राजपत्र सोबत ठेवा. बँकेत जाऊन खातं आधारला जोडलंय ना, हेही विचारून या. पैसे थेट त्याच खात्यात येतात.