पोरीला डी.एल.एड.ला टाकू की बी.एड.ला?

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. इतर पालकांच्याही कामी यावं म्हणून त्यातलं मुख्य आधी थोडक्यात सांगते. तुम्ही दारव्हा तालुक्यातले, चार एकर कोरडवाहू वावर, त्यात कापूस आणि तूर. मुलगी गेल्या वर्षी कला शाखेतून ६८ टक्क्यांनी बारावी पास झाली आणि सध्या तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिला झेडपीच्या शाळेत मॅडम व्हायचं आहे, तेही लहान वर्गाची. तिचे मामा म्हणतात, बी.ए.नंतर बी.एड. करू दे, ते पहिलीपासून दहावीपर्यंत सगळीकडे चालतं. पण गावातलाच एक मुलगा बी.एड. आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, दोन्ही पास होऊन घरी बसला आहे. तुमची बहीण २००६ पासून झेडपीत पहिली ते पाचवीला शिकवते, तिलाही आता कोर्टाच्या निकालामुळे टीईटी द्यावी लागणार. त्यात एक ओळखीचा माणूस 'कॉलेजात न जाता बी.एड.' करून देतो म्हणतो. शेवटी तुम्ही विचारता, "नोकरी लागल्यावरही जिथं कोर्ट पिच्छा सोडत नाही, तिथं पोरीला टाकू का?"

टाका. पण डी.एल.एड.ला टाका, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या दोन वर्षांच्या पदविकेला, आपण अजूनही जिला डी.एड. म्हणतो तिला. मामांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण तो जुना झाला आहे.

आधी त्या बी.एड. मुलाचं काय झालं ते पाहू, कारण तुमची भीती तिथूनच सुरू झाली आहे. पहिली ते पाचवीला शिकवायला कोणती पात्रता लागते, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ प्रमाणे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे एनसीटीई ठरवते. २०१० साली तिनं जी पात्रता लावली, तिच्यात लहान वर्गांसाठी मुख्य अट प्राथमिकच्या दोन वर्षांच्या पदविकेची आणि टीईटीची होती. मग २८ जून २०१८ ला परिषदेनं अधिसूचना काढून बी.एड.वाल्यांनाही पहिली ते पाचवीचं दार उघडलं. अट एवढीच की नेमणूक झाल्यावर दोन वर्षांच्या आत सहा महिन्यांचा जोडकोर्स करायचा. हजारो मुलांनी त्या भरवशावर बी.एड. केलं. राजस्थानात भरतीवरून वाद पेटला, तिथल्या उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२१ मध्ये ती अधिसूचना रद्द केली आणि ११ ऑगस्ट २०२३ ला देवेश शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं.

न्यायालयाचं म्हणणं असं की संविधानाच्या कलम २१-अ नं ६ ते १४ वर्षांच्या मुलांना जो शिक्षणाचा हक्क दिलाय, तो नुसता शाळेत बसण्याचा नाही, चांगलं शिकण्याचा आहे. बी.एड.चं प्रशिक्षण मोठ्या मुलांना शिकवण्यासाठी आहे, सहा-सात वर्षांच्या लेकराला शिकवण्यासाठी नाही.

हा निकाल आभाळातून पडल्यासारखा अनेकांना वाटला, पण तसं नाही. २००३ साली केरळमधल्या पी. एम. लता खटल्यात हाच मुद्दा आला होता. बी.एड. वरची पदवी आहे, मग ती खालच्या वर्गाला का चालू नये, असा उमेदवारांचा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयानं तेव्हाच सांगितलं की प्राथमिकचं प्रशिक्षण वेगळं आणि बी.एड. वेगळं, एक वरचं नि एक खालचं असा हिशेब इथं लागत नाही. २००५ साली पश्चिम बंगालच्या प्रकरणातही तेच. म्हणजे वीस वर्षं न्यायालयाची भूमिका एकच राहिली. बदलत राहिली ती सरकारी अधिसूचना. पोरीचं करिअर ठरवताना या दोघांतलं पक्कं काय, ते तुमच्या लक्षात यावं म्हणून हे सविस्तर लिहिलं.

मला स्वतःला हा निकाल पटतो, आणि का ते सांगते. दुसरी-तिसरीतल्या लेकराला ४२ मधून १७ वजा करायला द्या. बरीच लेकरं ३५ लिहितात. आपण म्हणतो चुकलं, पुन्हा कर. पण ते लेकरू मठ्ठ नसतं. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ते उलटं ७ मधून २ काढतं आणि ५ लिहितं. ४ मधून १ गेला, ३ राहिले. त्याच्या परीनं त्यानं गणित बरोबर सोडवलंय. ज्या शिक्षिकेला हे ओळखता येतं, ती फळ्यावर पुन्हा तेच गणित मांडत नाही. ती खाली सतरंजीवर बसते, दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या लेकरापुढे ठेवते आणि म्हणते, यातल्या सतरा दे बरं मला. लेकराला एक गठ्ठा सोडावाच लागतो. सुट्या बारा झाल्या, सात दिल्या, पाच उरल्या. राहिलेल्या तीन गठ्ठ्यांतला एक दिला, दोन उरले. पंचवीस! हातचा म्हणजे काय, ते त्या दिवसानंतर त्याला सांगावं लागत नाही.

हे डी.एल.एड.मध्ये शिकवतात, आंतरवासितेत, म्हणजे प्रत्यक्ष शाळेतल्या सरावात, करून घेतात. बी.एड.चा भर एखाद-दोन विषय वरच्या वर्गांना कसे शिकवायचे यावर असतो. तुमच्या भागात तर आणखी एक गोष्ट आहे. तांड्यावरच्या शाळेत पहिलीत येणारं लेकरू घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतं आणि पुस्तक मराठीत असतं. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, माडिया. अशा लेकराला वाचायला शिकवणं हे फार कसबाचं काम आहे. तुमच्या मुलीला लहान वर्गाचीच ओढ आहे, तर तिनं याच कामाचं शिक्षण घ्यावं.

आता मामांच्या 'सगळीकडे चालतं' बद्दल. खरं तर उलट आहे. डी.एल.एड. आणि टीईटीचा पेपर १ असला की पहिली ते पाचवी. पुढे पदवी पूर्ण केली आणि पेपर २ पास केला की त्याच डी.एल.एड.वर सहावी ते आठवीलाही पात्रता मिळते. बी.एड.वर मात्र सहावीच्या खाली येता येत नाही. त्यामुळे पहिली ते आठवी हा सगळा पट्टा पदवी आणि डी.एल.एड. या जोडीत येतो. बी.एड.ची गरज नववी-दहावीसाठी, तिचा विचार ती पुढे केव्हाही करू शकेल. बी.ए. सुटेल याची काळजी नको, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ती नंतर पूर्ण करता येते. नव्या शैक्षणिक धोरणातला पदवी आणि बी.एड. एकत्र असलेला चार वर्षांचा एकात्मिक कोर्सही आहे, पण तो मोजक्याच ठिकाणी आहे आणि तुमच्या परिस्थितीत मी त्याच्या मागे लागणार नाही.

तुमच्या गावातल्या त्या बी.एड. मुलालाही सांगा, सगळं संपलेलं नाही. ८ एप्रिल २०२४ ला न्यायालयानं आधीच नेमणूक झालेल्या बी.एड. शिक्षकांना काही अटींवर संरक्षण दिलं, ते याला लागू नाही. पण सहावी ते आठवीच्या आणि माध्यमिकच्या जागांना तो पात्र ठरू शकतो. टीईटीचा पेपर २ झाला नसेल तर तो द्यावा.

तुमच्या बहिणीचा प्रश्न वेगळा आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं, आपल्याच राज्यातून आणि तामिळनाडूतून गेलेल्या प्रकरणांत, सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी लागू केली. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून कमी काळ उरलाय ते टीईटीशिवाय निवृत्तीपर्यंत राहू शकतात, मात्र त्यांना पदोन्नती नाही. बाकीच्यांना दोन वर्षांची मुदत. नाही झाली तर सेवा सोडावी लागेल, निवृत्तीचे लाभ मात्र नियमानं मिळतील. २००६ साली त्या नियमानंच लागल्या, तेव्हा टीईटी नावाची गोष्टच नव्हती. वीस-वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला पुन्हा परीक्षेला बसवणं मनाला लागतं, आणि त्यांना राग येत असेल तर तो रास्त आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे गेलाय, झेडपीला तो लागत नाही. संघटना लढतील, सरकारही काही मार्ग काढू पाहील. पण ताईंनी त्याची वाट पाहत अभ्यास थांबवू नये. दीडशे गुणांची परीक्षा आहे, खुल्या प्रवर्गाला ९० गुण लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत आहे, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पेपर १ मध्ये बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस गुण. रोज हेच शिकवणाऱ्या बाईच्या आवाक्यातली गोष्ट आहे. बालमानसशास्त्राला तेवढं नव्यानं बसावं लागेल.

यावरून तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही निघतं. तुमची मुलगी आधी डी.एल.एड., मग टीईटी आणि मग नोकरी अशी गेली तर यातला कोणताच वाद तिच्या अंगावर येत नाही. टीईटीचं प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षं चालायचं, २०२१ पासून ते कायमचं झालंय.

आता तो 'कॉलेजात न जाता' वाला. भाऊ, त्याला पहिल्यांदा दारातूनच परत पाठवा. १९९२ साली आपल्याच राज्यातलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. मान्यता नसलेल्या अध्यापक विद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना उच्च न्यायालयानं परीक्षेला बसू दिलं होतं, सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. पोरांचं नुकसान झालं, पण नियम वाकला नाही. दीड वर्षाच्या डी.एल.एड.चंही असंच. तो कोर्स राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेनं (एनआयओएस) फक्त आधीपासून नोकरीत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांसाठी काढला होता. २०२३ साली न्यायालयानं तो दोन वर्षांच्या पदविकेच्या तोडीचा नाही असं सांगितलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये, १० ऑगस्ट २०१७ ला सेवेत असलेल्या आणि १ एप्रिल २०१९ च्या आत तो पूर्ण केलेल्या शिक्षकांपुरता तो ग्राह्य धरला. आज कुणी तुम्हाला दीड वर्षात करून देतो म्हणत असेल तर तो तुमचे पैसे नेतोय.

पैसे देऊन टीईटी पास करून घेणाऱ्यांचं काय झालं तेही पाहिलंय आपण. जानेवारी २०२० च्या परीक्षेतला गैरव्यवहार उघड झाल्यावर ७,८७४ उमेदवारांवर परीक्षा परिषदेनं कारवाई केली. आणि संस्थेत डोनेशन भरून लागायचं म्हणाल, तर २०२५ साली आपल्या शेजारच्या नागपूर विभागातच बोगस शालार्थ आयडीचं, म्हणजे शिक्षकांच्या सरकारी पगारासाठीच्या ओळख क्रमांकांचं, प्रकरण बाहेर आलं, अधिकाऱ्यांना अटक झाली. ज्यांनी वावर विकून पैसे भरले असतील त्या घरांचं काय झालं असेल, याचा विचार करवत नाही. तुमच्या चार एकरांतला एक गुंठाही यासाठी जाऊ देऊ नका.

एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवणार नाही. कागद पक्के असले तरी जागा लगेच निघते असं नाही. २०१० नंतर राज्यात भरती जवळपास थांबली होती, कित्येक अध्यापक विद्यालयं त्यात बंद पडली. आता भरती सरकारच्या पवित्र या ऑनलाइन पोर्टलवरून होते, त्यासाठी टीईटीनंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. दोनशे प्रश्न, दोन तास, आणि त्या गुणांवरच गुणवत्ता यादी. ही चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, मग थेट २०२३ च्या फेब्रुवारीत, मग २०२५ मध्ये. मधल्या पाच वर्षांत किती मुलांचं वय निघून गेलं! त्यात आपल्याकडे पटसंख्या घटतेय आणि संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक ते ठरवण्याच्या, नव्या निकषांनी लहान शाळांतली पदं कमी होताहेत. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, महिना १६ हजार मानधन, आणि नेमणूक घरापासून लांबही मिळू शकते. म्हणून पदवी सोडायची नाही आणि टीईटी झाल्यावर तिनं दुसऱ्या परीक्षांचे फॉर्मही भरत राहायचे.

प्रवेश राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत ऑनलाइन होतात, बारावीच्या गुणांवर. तिच्या ६८ टक्क्यांना पात्रतेची अडचण नाही. पसंतीक्रमात सरकारी आणि अनुदानित विद्यालयं वर टाका, फी पुष्कळ कमी असते. खासगी विद्यालय टाकलंच, तर एनसीटीईच्या यादीत त्याचं नाव आहे का ते आधी पाहा. राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज याच महिन्यात टाका. त्याला फार वेळ लागतो आणि जुने दाखले शोधायला तुम्हाला आजोबांच्या शाळेपर्यंत जावं लागेल. बी.ए.चं पहिलं वर्ष तिनं नीट देऊन घ्यावं, अर्धवट सोडू नये. प्रवेशाची यादी लागली की कोणतं विद्यालय मिळालं ते मला कळवा, तिथली आंतरवासिता कोणत्या शाळांत होते यावरून पुढचं बोलू.