दोन वर्षं वेगळे राहिलेले नवरा-बायको पुन्हा एकत्र येऊ शकतात का?

तुम्ही लिहिलंय की परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज दाखल झालाय, दुसरी तारीख तीन महिन्यांवर आहे, आणि आता नवरा अधूनमधून फोन करायला लागलाय. 'हे खरं धरू का?' असं विचारलंय. मी सव्वादोन वर्षं माहेरी राहून परत आलेली बाई आहे, म्हणून लिहिते. परत आले असं लोक म्हणतात. ज्या घरातून गेले त्या घरात काही मी परत गेले नाही, पण ते पुढे येईलच.

आधी एक. तुमच्याकडे मारहाण, धमक्या असलं काही असेल तर पुढचं वाचू नका, १८१ ला फोन लावा. आमच्यात तसलं काही नव्हतं. आमच्यात एक साज होता.

आम्ही कोल्हापूरचे. ह्यांचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग करून देतात. २०१८ मध्ये जुनं व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीनिंगचं यंत्र, घ्यायचं होतं, पैसे कमी पडत होते. माझ्या आईने लग्नात गुजरीतून घडवून दिलेला साडेचार तोळ्यांचा कोल्हापुरी साज ह्यांनी एका पतसंस्थेत तारण ठेवला. मला न सांगता. सहा महिन्यांत सोडवून आणून गपचूप ठेवू, असा हिशोब होता. पण २०१९ हे गाड्यांच्या मंदीचं वर्ष निघालं. गाड्या खपेनात म्हणजे कास्टिंग नको, कास्टिंग नको म्हणजे आमच्याकडे काम नको. साज तिथेच राहिला.

नोव्हेंबरमध्ये मामेबहिणीच्या लग्नासाठी मी डबी उघडली. आत सराफाचा तो गुलाबी कागद होता आणि त्यावर साजाचा गोल तेवढा उमटलेला होता. दहा वर्षं एकाच जागी राहिलेल्या दागिन्याचा वळ.

मागितला असता तर मी माझ्या हाताने काढून दिला असता. हे वाक्य मी पुढच्या वर्षभरात शंभर जणांना ऐकवलं असेल, फक्त ह्यांना सोडून.

आता माझी चूक. मी माहेरी जाऊन भावाला सांगितलं. भाऊ तडक शॉपवर गेला आणि पाच कामगारांसमोर ह्यांना नको ते बोलला. मी अडवलं नाही, उलट संध्याकाळी तो आल्यावर 'बरं केलंस' म्हणाले. कोल्हापुरात माणूस पैशाचं नुकसान एक वेळ विसरेल, चारचौघांत झालेला अपमान विसरत नाही. ह्यांच्या बाजूने विषय तिथेच संपला होता.

मग बैठक झाली. प्रत्येक घरात होते तशीच. जानेवारी २०२०, मामांचं घर, दोन्हीकडची मिळून चौदा माणसं, चहाचे दोन राउंड. दीड तासात ठरलं की 'संक्रांतीच्या आत पोरगी घरात पाहिजे.' साज हा शब्द त्या दीड तासात एकदाही कुणाच्या तोंडी आला नाही. 'झालं गेलं पंचगंगेला मिळालं' असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. मी गेले. अकरा दिवस राहिले. त्याच दोन खोल्या, तेच कपाट, आणि कपाटात ती डबी. बाराव्या दिवशी मुलाला घेऊन परत माहेरी. दोन महिन्यांनी लॉकडाउन लागला आणि सगळंच गोठलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: नातेवाइकांच्या दबावाने, सणाचा मुहूर्त गाठायला म्हणून जाऊ नका. बैठकीला भांडण मिटवायचं असतं, ते कशावरून झालं हे ऐकायला तिथे कुणाला वेळ नसतो.

सप्टेंबर २०२० मध्ये व्हॉट्सअॅपवर ह्यांच्याकडून एक फोटो आला. पतसंस्थेची पावती, रक्कम चार हजार. खाली एक अक्षर नाही. मी उत्तर दिलं नाही. पुढच्या महिन्यात बावीस-तेवीस तारखेला पुन्हा पावती. मग पुन्हा. कधी चार हजार, कधी दोन, एकदा तर सातशे. मी एकालाही उत्तर दिलं नाही, फक्त रात्री मुलगा झोपला की फोटो मोठा करून शिल्लक रक्कम बघायची. दरम्यान मार्च २०२१ मध्ये आम्ही दोघांनी सह्या करून संमतीचा अर्जही टाकला. वकिलांच्या ऑफिसात एका बाकावर बसलो होतो, मध्ये माझी पर्स. पावत्या तरीही येत राहिल्या. सही करून सुटलेला माणूस पावत्या कशाला पाठवेल, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही.

जुलै २०२१ मध्ये पावती आली नाही.

तो पुराचा महिना. बाहेरच्यांसाठी सांगते: पंचगंगेचं पाणी आम्ही राजाराम बंधाऱ्यावर मोजतो, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पावसाळ्यात कोल्हापुरात माणूस भेटला की 'बरंय का' च्या आधी 'किती फूट झालं?' विचारतो. २३ जुलैला पाणी धोक्याच्या कितीतरी वर होतं. ह्यांचं घर शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला. माझं माहेर संभाजीनगरात, तिथे पाणी येत नाही. मी फोन केला.

"पावती आली नाही."

पलीकडे बराच वेळ नुसता पावसाचा आवाज.

"संस्था बंद आहे. पाणी शिरलंय."

"आणि आपल्याकडं?"

"पायरीला लागलंय. आईला वरच्या मजल्यावर नेलंय."

"राजारामला किती?"

"पन्नाशीच्या पुढं गेलंय म्हणत्यात."

"जेवलासा काय?"

"हं. भडंग खाल्लं."

एवढंच. 'आपल्याकडं' असं माझ्या तोंडून गेलं हे फोन ठेवल्यावर ध्यानात आलं. पुढचे चार दिवस दर दोन-तीन तासांनी फोन, आणि बोलणं फक्त फुटांचं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेल्याने शॉपचं काय झालंय ते कळत नव्हतं. एक इंच उतरलं, परत चढलं, आता उतरतंय. तुम्हाला हसू येईल, पण आम्हाला दोघांना भांडण न होता बोलता येईल असा विषय दीड वर्षात पहिल्यांदा मिळाला होता.

पाणी ओसरल्यावर मी गेले. कुणी बोलावलं नव्हतं, मीच फोनवर म्हणाले, "उद्या येतो." (आम्ही कोल्हापूरच्या बायका 'येतो', 'जातो'च म्हणतो, पुण्याच्या जावा कितीही हसू देत.) खालच्या खोलीत घोट्याएवढा गाळ होता. पुराच्या गाळाचा वास ज्याने घेतलाय त्यालाच माहीत, आठवडाभर भातालाही तोच वास येतो. मी डबे घासले, ह्यांनी खराट्याने गाळ ओढला. दुपारी उंबऱ्यात बसून चहा पिताना ह्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "भावाला मी काय केलं हुतं?" मी म्हणाले, "काही नाही. मी अडवायला पाहिजे होतं." ह्यांनी मान हलवली आणि खराटा उचलला. साजाबद्दलची माफी त्यानंतर पंधरा दिवसांनी मागितली, तीही फोनवर, तीही धड नाही. मी धरून घेतली.

आता कायद्याचं, कारण तुमच्याकडे तीनच महिने आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली दोघांनी मिळून अर्ज केल्यावर कोर्ट सहा महिने थांबायला लावतं. हा वेळ विचार बदलला तर बदलावा म्हणूनच ठेवलाय. दुसऱ्या तारखेलाही दोघांची संमती लागते, आणि हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही एकजण संमती काढून घेऊ शकतं. मात्र २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे सहा महिने अगदी बंधनकारक नाहीत, योग्य प्रकरणात कोर्ट ते माफ करू शकतं. त्यामुळे काही वकील मुदत माफ करण्याचा अर्जही सोबत देतात. तुमच्या कागदांत तसा अर्ज आहे का बघा, आणि मनात शंका असेल तर तो चालवू नका. आमच्या वकीलबाईंनी तो तयार ठेवला होता. मी म्हणाले, राहू दे, सहा महिने काही कुणाला खात नाहीत. तेव्हा मी ते नुसतं चिडून म्हणाले होते. नशीब.

कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, त्यांच्याकडे दोघं मिळून जा. आम्हाला भेटलेल्या बाईंनी प्रेमबिम काही विचारलं नाही. विचारलं, "परत आलात तर पहिल्या महिन्याचे पैसे कुठल्या खात्यात आणि हिशोब कोण ठेवणार?" आम्ही दोघंही गप्प. त्या म्हणाल्या, "मग अजून येऊ नका. हे ठरवा, मग या."

ते ठरवायला आम्हाला पाच महिने लागले. दोनशे पानी वहीत लिहिलं. दहा हजारांवरचं कर्ज, तारण, उसनवारी दोघांच्या माहितीशिवाय नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी हिशोब. शॉपचं खातं वेगळं, घराचं वेगळं. माझा भाऊ शॉपवर जाऊन त्याच कामगारांसमोर माफी मागेल (मागितली, आणि येताना मिसळ खाऊन आला, दोघं मिळून). आणि राहायचं शुक्रवार पेठेत नाही, आपटेनगरात भाड्याने. ह्या शेवटच्या अटीवर सासूबाई दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. हे रोज दुपारी आईकडे जेवायला जातात. मला ते थोडं खुपतं, पण वहीत मी हो लिहिलंय.

सप्टेंबरच्या तारखेला आम्ही कोर्टात अर्ज मागे घेतला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आपटेनगरात आलो. मुलाला सांगायची घाई आम्ही केली ती चूक झाली. अर्ज मागे घेतला त्याच दिवशी त्याला सांगितलं आणि मग पाच महिने तो रोज विचारायचा, 'कधी?' घराची चावी हातात आल्याशिवाय मुलांना सांगू नका.

साज २०२३ च्या दिवाळीआधी सुटला. पतसंस्थेतल्या माणसाने वजन करून काचेवर ठेवला. मी तिथेच पानं मोजायला लागले. मासा, कासव, नरसिंह... दहा अवतार, आठ अष्टमंगळं, माणिक आणि पाचूची दोन पानं, आणि डोरलं. मागे रांग लागलेली. हे काही बोलले नाहीत, पिशवी धरून उभे राहिले. बाहेर आल्यावर विचारलं, "किती भरली?" म्हटलं, "एकवीस." एवढंच विचारलं, 'माझ्यावर भरवसा नाही का' असं नाही विचारलं. दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं.

सगळं गोड झालंय असं नाही. गेल्याच महिन्यात एका बिलावरून तीन दिवस अबोला होता. आणि पुराची बातमी लागली की अजूनही आधी माझाच फोन जातो, एका घरात असलो तरी, शॉपवर.

तर 'खरं धरू का' याचं उत्तर: फोन करतोय हे धरू नका. तुम्ही उत्तर देत नव्हता त्या काळात तो काय करत होता ते आठवून बघा. ज्या गोष्टीवरून मोडलं तिचं नाव तो घेतो का, का नुसतं 'झालं गेलं विसरू' म्हणतो, तेही ऐका. आणि तुमच्या बाजूचा 'भाऊ' कोण होता तेही एकदा बघा, असतोच कुणीतरी.

मुदत माफीच्या अर्जाचं मात्र उद्याच वकिलांना विचारा. आज पहिला रविवार आहे, हे वही घेऊन बसलेत, दोनदा हाक मारून झालीय.