आधी घड्याळ लावा, मग गाळा बघा

प्रश्न: कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, नऊ वर्षं लग्नाचे फोटो काढतो. जवळच्या गांधीनगरचे एक घाऊक कापड व्यापारी आता माल ऑनलाइन विकायला लागलेत. कुर्ती, नाइटी, लहान मुलांचे कपडे. घोस्ट मॅनेक्विनचे फोटो हवेत, म्हणजे कपडा अंगात घातल्यासारखा दिसायला हवा पण आतला पुतळा (मॅनेक्विन) दिसायला नको. महिन्याला 400 नग, नगाला 60 रुपये, असं तोंडी ठरलंय. शाहूपुरीत तळमजल्याचा गाळा बघितलाय, भाडं 9,000, डिपॉझिट 50,000. नवा कॅमेरा 1,70,000, लाइट 1,10,000, तीन मॅनेक्विन 60,000, कॉम्प्युटर 90,000. दोन लाखांची एफडी मोडून बाकीचे 2,80,000 कर्ज काढावं म्हणतो. एडिटिंग बायको करेल, तो खर्च नाही. गाळामालक पंधरा तारखेपर्यंत थांबलाय. करू का?

उत्तर: काम घ्या. गाळा, कॅमेरा आणि कर्ज मात्र आत्ता नको.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महाग गोष्ट कॅमेरा असेल असं वाटलं होतं. पण 'एडिटिंग बायको करेल, तो खर्च नाही' हे वाक्य त्याहून महाग आहे. तुम्हाला माहीतच आहे, पण इतर वाचकांसाठी सांगतो: कपडा पुतळ्यावर घालून फोटो काढायचा, मग तोच कपडा उतरवून गळ्याच्या आतला, लेबल दिसेल असा दुसरा फोटो घ्यायचा. नंतर कॉम्प्युटरवर पुतळा पुसून आतला गळा मागून जोडायचा. एडिटिंगवाले याला नेक जॉइंट म्हणतात. शटर दाबायला सेकंद पुरतो. वेळ खातात ते स्टीमर फिरवणं, पाठीमागून टाचण्या मारून फिटिंग बसवणं, लोंबणारे दोरे काढणं, आणि मग हा सांधा.

एका नगाला तुमची दहा मिनिटं आणि वहिनींची बारा धरू. 400 नगांना जवळपास 147 तास होतात. जमा 24,000. त्यातून भाडं 9,000, वीज 1,500 आणि कर्जाचा हप्ता वजा करा; 12 टक्के व्याज, तीन वर्षांची मुदत धरली तर तो सुमारे 9,300 बसतो. हातात उरतात 4,200. दोघांच्या मिळून एका तासाला 29 रुपयेही पडत नाहीत. आणि उद्या वहिनींना कंटाळा आला, किंवा त्यांना बाहेर बरी नोकरी लागली (लागो!), आणि एडिटिंग नगाला 25 रुपयांनी बाहेर द्यावं लागलं, तर 10,000 तिकडे जातील. मग महिन्याला 5,800 पदरचे घालून तुम्ही व्यापाऱ्याचे कपडे विकून देत असाल.

आता दुसरी बाजू मांडतो. लग्नाचा कॅमेरा आहेच. रात्री हॉलच्या अर्धवट उजेडात तो निभावतो, मग भरपूर उजेडात, ट्रायपॉडवर स्थिर ठेवून, आयएसओ 100 वर, एफ 8 ला त्याला काय जड जाणार? ॲमेझॉनला मुख्य फोटोत पांढरीशुभ्र पार्श्वभूमी लागते, वस्तूने 85 टक्के चौकट भरावी लागते आणि पुतळ्याचा भाग दिसून चालत नाही. यातलं काहीच नव्या कॅमेऱ्यावर अडत नाही. गळा, खांदे सुटे होणारा एकच मॅनेक्विन 20,000, दोन जुने लाइट 25,000, स्टीमर, पेपर रोल आणि टेबल मिळून 10,000, लॅपटॉपची रॅम वाढवायला 8,000. झाले 63,000. घरातली एक खोली रिकामी करा. वीज वजा जाता 22,500 उरतात, म्हणजे तासाला दीडशेच्या वर. कष्ट तेवढेच आहेत. एफडीही मोडू नका, तिच्यावर बँकेकडून ओव्हरड्राफ्ट घ्या. व्याज एफडीच्या दरापेक्षा थोडंच जास्त पडतं आणि वापराल तेवढ्याच रकमेवर लागतं.

शाहूपुरीच्या गाळ्याबद्दल आणखी एक. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात कुठवर आलं होतं ते शेजारच्या दुकानदाराला विचारा, तो भिंतीवरची खूणच दाखवेल. लग्नं चातुर्मासात थांबतात आणि दिवाळीच्या मालाचे फोटो नेमके त्याच महिन्यांत निघतात. म्हणूनच हे काम तुमच्या मूळ धंद्याला छान जुळतं; रिकाम्या महिन्यांत पैसा येईल. पण महापुराचे महिनेही तेच. कधी स्टुडिओ घेतलात तर वरच्या मजल्यावर घ्या, आणि सामानाच्या विम्यात पूर येतो का हे सही करण्याआधी वाचा.

सरसकट 60 चा दर मला पटत नाही. लहान मुलांचा टीशर्ट आणि जाळीची ओढणी असलेला अनारकली एका भावात कसा? जाळीतून पुतळा दिसतो, तो पुसायला तिप्पट वेळ जातो. पांढऱ्या कुर्त्याच्या कडा पांढऱ्या पार्श्वभूमीत विरघळतात. तो राखाडीवर काढून मग कापावा लागतो. निदान तीन दर ठेवा. रंग चुकला म्हणून परत काढायचं झालं तर एकदा फुकट, पुढे पैसे, हेही लिहून घ्या. ग्रे कार्ड (रंग अचूक जुळवायला फोटोत धरायचं राखाडी कार्ड) वापरलंत तर ती वेळ फारशी येणार नाही.

राहिली उधारी. घाऊक बाजारात पैसे 'बघू पुढच्या महिन्यात' होतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते; ती करून नंबर बिलावर छापा. तुमचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या व्यापाऱ्याला तो खर्च प्राप्तिकरात दाखवता येत नाही. 1 एप्रिल 2023 नंतरच्या व्यवहारांना हा नियम आहे आणि व्यापाऱ्याच्या सीएला तो चांगला ठाऊक असतो. सेवांना वर्षाला 20 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे त्याचा घोर इतक्यात नको.

एक गिऱ्हाईक म्हणजे धंदा नव्हे, ती मर्जी झाली. महाद्वार रोडच्या किंवा इचलकरंजीच्या आणखी दोघांचं काम सलग सहा महिने आलं, तर गाळ्याचा विचार करू; तेव्हा सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेतल्या किशोर गटात विनातारण कर्जही बघता येईल.

पंधरा तारखेच्या आत मालकाला नाही कळवा. व्यापाऱ्याकडून 50 नग मागून घ्या, मित्राचा मॅनेक्विन मिळाला तर उत्तम. प्रत्येक नगाला घड्याळ लावा आणि आकडे मला पाठवा. वहिनींची मिनिटं वेगळ्या रकान्यात लिहा.