१२ लाख हा स्लॅब नाही, रिबेटची मर्यादा आहे

तुमचे दोन्ही प्रश्न एकाच गोंधळातून आलेत. पहिला: २०२५-२६ मध्ये पगार १३ लाख आहे, मग वरच्या एका लाखावरच कर ना? दुसरा: वडिलांचं करपात्र उत्पन्न १० लाखच आहे, तरी सीए ६२,४०० रुपये भरायला का सांगतोय?

१ फेब्रुवारी २०२५ ला अर्थसंकल्पाचं भाषण संपायच्या आत आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "१२ लाखांपर्यंत टॅक्स झीरो" फिरायला लागलं होतं. खोटं नव्हतं, अर्धवट होतं. नव्या रिजीममध्ये, म्हणजे कर मोजायच्या नव्या पद्धतीत, खरा करमुक्त टप्पा ४ लाखांचाच. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, असं चढत २४ लाखांपुढे ३० टक्के. म्हणजे १२ लाखांवर ६० हजार कर होतोच. कलम ८७ए चं रिबेट तो माफ करतं. उत्पन्न १२ लाखांवर गेलं की रिबेट गेलं.

आता तुमचा पगार. १३ लाखांतून स्टँडर्ड डिडक्शनचे, म्हणजे पगारदारांना आपोआप मिळणाऱ्या वजावटीचे, ७५ हजार वजा केले की उरले १२.२५ लाख. स्लॅबप्रमाणे कर ६३,७५०. पण २५ हजार जास्त कमावले म्हणून ६३ हजार भरा, हा अन्याय होऊ नये यासाठी मार्जिनल रिलीफ आहे: १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त कर नाही. तुमचा कर २५ हजार, ४ टक्के सेस (करावरचा उपकर) धरून २६ हजार. करपात्र उत्पन्न साधारण १२.७० लाखांच्या पुढे गेलं की ही सवलतही संपते. वर्षअखेरीला बोनस येणार असेल तर हा आकडा लक्षात ठेवा.

"जुन्या रिजीममध्ये राहू का?" असंही विचारलंय. तिथे एवढाच कर यायला स्टँडर्ड डिडक्शनचे ५० हजार सोडून पावणेसात लाखांहून जास्त वजावटी दाखवाव्या लागतील. ८०सी चे (पीएफ, विमा वगैरे गुंतवणुकीचे) दीड लाख आणि गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख धरले तरी अर्ध्या वाटेवर. तुम्ही भरता ते घरभाडं दणदणीत असेल आणि त्याची मोठी वजावट मिळत असेल तरच बोला.

वडिलांचं प्रकरण वेगळं, आणि फसतात ते इथेच. पेन्शन आणि एफडीचं व्याज मिळून करपात्र ७ लाख; त्यावरचे १५ हजार रिबेटमध्ये गेले. उरलेले ३ लाख म्हणजे वर्षाच्या आत विकलेल्या शेअर्सचा नफा. त्याचा दर स्लॅबचा नाही, सरळ २० टक्के, आणि २०२५-२६ पासून या विशेष दराच्या करावर ८७ए मिळत नाही हे कायद्यातच लिहिलंय. ६० हजार आणि सेस २,४००. सीएचा हिशोब बरोबर आहे. हेच शेअर्स वर्षभर ठेवून विकले असते तर सव्वा लाख माफ आणि उरलेल्यावर साडेबारा टक्के, म्हणजे सेससह २२,७५०.

आणखी एक. स्लॅब बदलतात ते सहसा १ एप्रिलपासून, म्हणून बजेटनंतरच्या जुलैत भरायचं रिटर्न आदल्या वर्षाच्याच दराने असतं. पण भांडवली नफ्याचे (शेअर्स, फंड विकून झालेल्या नफ्याचे) दर २०२४ मध्ये वर्षाच्या मध्येच, २३ जुलैपासून बदलले. मी त्या ऑगस्टमध्ये म्युच्युअल फंड विकला, सवयीने जुना १० टक्के दर धरून, वर्ष चालू असतानाच भरायचा अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरला आणि मग फरकावर व्याज मोजत बसलो. रक्कम किरकोळ, पण चडफडाट बराच.

वडिलांवर ती वेळ नाही. ते साठीच्या पुढचे असतील आणि धंद्याचं उत्पन्न नसेल तर त्यांना अ‍ॅडव्हान्स टॅक्स लागूच नाही. मुदतीत रिटर्न भरताना सगळी रक्कम भरली तरी व्याज लागत नाही. तुम्ही मात्र ऑफिसने टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा कर) कापताना मार्जिनल रिलीफ धरलंय का ते आत्ताच बघा. धरलं नसेल तर जादा कापलेले पैसे रिटर्न भरून परत मागावे लागतील.