स्टॅम्पपेपरवरचं दुसरं वाक्य

प्रश्न : माझे पती (वय 40) अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये 11 वर्षं वेल्डर आहेत. पगार महिना 14,000, रोख. नेमणूकपत्र नाही. आधी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपचं काम असायचं, तेव्हा संध्याकाळी घरी आल्यावर हुडहुडी भरून ताप यायचा आणि सकाळी उतरायचा. गेली तीन वर्षं स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांचं काम आहे, बंद शेडमध्ये. तेव्हापासून खोकला आणि छातीत घरघर. भाऊबीजेनंतर (ऑक्टोबर 2025) ते कामावर गेलेले नाहीत. डॉक्टरांनी दमा सांगितला आहे. मी घरी बिड्या वळते. मालक म्हणतात, ‘तुमच्या घरातल्या तंबाखूच्या धुळीनंच झालंय.’ औषधाला 6,000 दिले, आता 40,000 देतो म्हणतात, पण 500च्या स्टॅम्पवर सही मागतात. सही करावी का? – एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, सही करू नका. स्टॅम्पच्या मसुद्याचा फोटो तुम्ही पाठवलात ते फार बरं केलंत. त्यात दोन वाक्यं आहेत. पहिलं : ‘यापुढे माझा कोणताही हक्क राहणार नाही.’ दुसरं : ‘मला पूर्वीपासून दम्याचा त्रास होता व मी स्वखुशीने काम सोडत आहे.’ तुम्हाला भीती पहिल्याची वाटते आहे, मला दुसऱ्याची.

पहिलं वाक्य कागदावरच राहतं. 1923च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात कामगाराने भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार रद्दबातल आहे, मग स्टॅम्प 500चा असो की 5,000चा. तडजोड करायचीच तर तिचा लेख भरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, आणि रक्कम अपुरी दिसली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. दुसरं वाक्य मात्र तुमच्या पतींची कबुली आहे. उद्या खटल्यात मालकाचा वकील तेवढी एकच ओळ वाचून दाखवेल. चाळीस हजार त्या ओळीचे मोजले जात आहेत.

आता तंबाखूचं. कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी आहे. सोलापूरकरांना ती अनोळखी नाही : गिरण्यांतल्या कापसाच्या धुळीने होणारा छातीचा आजार तिच्यात आहे आणि उसाच्या भुशाने होणाराही. त्याच यादीच्या ‘ब’ भागात कामातल्या घटकांमुळे जडणारा दमा आहे. ‘ब’ भागातला आजार एकाच मालकाकडे सलग सहा महिने काम केल्यावर त्या नोकरीत जडला, तर तो कामावरचा अपघात मानला जातो, आणि तो कामामुळे झाला नाही हे मालकाने सिद्ध करायचं असतं. तुमच्याकडे सहा महिने नाहीत, अकरा वर्षं आहेत.

तेव्हा तंबाखूचं म्हणणं मालकानेच सिद्ध करावं. मीही त्याला दोन प्रश्न विचारेन. सूप मांडीवर घेऊन दिवसभर तंबाखू हाताळता तुम्ही. मग घरघर त्यांच्या छातीत कशी? आणि भाऊबीजेपासून ते त्याच तंबाखूशेजारी चोवीस तास घरी आहेत. तुम्हीच लिहिता की रात्रीचं उठून बसणं थांबलं, पंप दिवसातून चारदा लागायचा तो आता एकदा लागतो. धूर सुटला आणि त्रास उतरला. पूर्ण गेला नाही, हे खरं. असा दमा काम सोडल्यावरही पुष्कळांना मागे राहतो. पण बिड्यांची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका. तुमच्या तोंडून आलेली बरी.

हा सगळा आधार एका शब्दावर उभा आहे, आणि तो शब्द आज तुमच्या केसपेपरवर नाही. त्यावर निदानापुढे नुसतं ‘दमा’ आहे आणि व्यवसायाच्या रकान्यात ‘मजुरी’. नुसता दमा कोणालाही होतो. सिव्हिलच्या छातीविकार विभागात जा आणि सगळं सांगा : बंद शेड, एक्झॉस्ट फॅन नाही, तीन वर्षं स्टेनलेसचं काम. स्टेनलेसच्या धुरात क्रोमियम आणि निकेल असतं, आणि ही दोन्ही दमा जडवणारी म्हणून वैद्यकशास्त्राने मान्य केलेली आहेत. फुंकून करायची स्पायरोमेट्री करून घ्या. डॉक्टरांची खात्री पटली तर ‘व्यवसायजन्य दमा’ असं लिहून मागा, व्यवसाय ‘वेल्डर’ आणि वर्षंही. तपासणीसाठी म्हणून पुन्हा चार दिवस धुरात पाठवू नका.

जीआयच्या कामानंतरचा तो ताप वेगळा. पाइपवरचं जस्त जळून जो धूर होतो त्याने काही तासांत हुडहुडी भरते आणि दिवसा-दोन दिवसांत उतरते. त्याची वेगळी भरपाई मागण्यात अर्थ नाही. पण अर्जात त्याचा उल्लेख हवा, कारण धूर बाहेर न जाता छातीत जात होता हे त्यातून दिसतं. त्यावर मालक रोज गुळाचा खडा देत असे म्हणता. गूळ घशाखाली पोटात जातो, ताई. धूर जातो तो रस्ता वेगळा. आणि गूळ वाटणारा मालक ‘धुराने काही होत नाही’ असं कोणत्या तोंडाने म्हणणार? सोबतच्या कामगाराच्या जबाबात गूळ जरूर येऊ द्या.

पैसे कोणाकडून, हा खरा गुंता. पगारपत्रकावर सात माणसं आहेत, प्रत्यक्षात बारा, असं तुम्ही लिहिलंय. विजेवर चालणाऱ्या अशा वर्कशॉपमध्ये दहा किंवा जास्त माणसं असली आणि पगार 21,000च्या आत असला की कामगार राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू होते. मालकाने नोंदणी केली नाही, हप्ते भरले नाहीत, तरी कामगाराचा लाभ बुडत नाही. महामंडळ ते मालकाकडून वसूल करतं. मात्र ईएसआय लागू असेल तर मालकाविरुद्ध 1923च्या कायद्याखाली दावा चालत नाही. दोन्ही दारं एकदम उघडत नाहीत.

आकडे ढोबळ मांडतो. मेडिकल बोर्डाने कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं ठरवलं, तर ईएसआयकडून साधारण 14,000च्या 90 टक्क्यांचे 30 टक्के, म्हणजे महिना 3,780 रुपये, तहहयात. खरोखर सातच माणसं असतील तर 1923चा कायदा : पगाराचे 60 टक्के म्हणजे 8,400, गुणिले चाळिसाव्या वर्षाचा गुणक 184.17, म्हणजे 15,47,028. हे संपूर्ण कायमच्या अपंगत्वाचे. त्याचे 30 टक्के 4,64,108. वर औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च. रक्कम देय झाल्यापासून महिन्यात दिली नाही तर 12 टक्के व्याज.

30 टक्के हे उदाहरण आहे, त्यावर अडून बसू नका. डावा हात कापावा लागलेल्या एका सुताराच्या खटल्यात, प्रतापनारायण सिंह देव प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये अपंगत्व संपूर्ण मानलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. ज्याला धुरात उभंच राहता येत नाही अशा वेल्डरसाठी हा युक्तिवाद करण्याजोगा आहे. मिळेलच असं मी म्हणणार नाही. दुसरं हलकं काम जमतं का, हा प्रश्न समोरून येईलच.

कोणतं दार उघडेल हे माणसांच्या संख्येवर ठरतं, म्हणून आधी माणसं मोजा. बारा जणांची नावं, कोण कधीपासून, वहीत लिहा. खंडेनवमीच्या पूजेचा जो फोटो पाठवलात, त्यात मी अकरा माणसं मोजली, पाठीमागे टाकी आणि वर्कशॉपची पाटीही आहे. असा पुरावा वकिलाला शोधून सापडत नाही. ‘उद्या लवकर या’ असे मालकाचे फोनवरचे निरोप, शनिवारच्या उचलीची डायरी, फोनवरून आलेले पैसे, सगळं जपा. फोन बदलू नका.

मग मालकाला लेखी नोटीस, स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे कोणी ‘जुना कायदा गेला’ म्हणेल. आजारात कामावर न जाण्याचा पहिला दिवस हाच अपघाताचा दिवस धरतात, आणि तुमचा तो ऑक्टोबरमधला, म्हणजे संहितांच्या आधीचा आहे. म्हणून तुमच्यासाठी जुनाच कायदा. अर्जाची मुदत त्या दिवसापासून दोन वर्षं, म्हणजे ऑक्टोबर 2027. पण तोवर वर्कशॉपची पाटीच बदललेली असेल, तेव्हा थांबू नका.

वकिलाच्या फीची काळजी नको. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रीला आणि औद्योगिक कामगाराला उत्पन्न न पाहता तिथे मोफत वकील मिळतो. तुम्ही दोघंही पात्र आहात. फोन 15100.

राहिले ते 6,000. औषधासाठी मालकाने दिलेला पैसा भरपाईतून वजा होत नाही. ते परत करू नका. फक्त पावती मागितली तर ‘औषधोपचारासाठी मिळाले’ एवढंच लिहा.