आर्मेनियात एकच मध्ययुगीन मठ बघायला वेळ असेल तर कोणता बघावा? आसपासची गावं बघण्यासारखी आहेत का?

हाघपत. उत्तरेकडच्या लोरी प्रांतात, देबेद नदीच्या खोल दरीवरच्या पठारावर आहे. राजा अशोत तिसरा याची राणी खोस्रोवानुश हिच्या काळात, 976 च्या सुमारास मुख्य चर्च बांधायला घेतलं. पण मला सगळ्यात भावतं ते तिथलं ग्रंथालय: जाड दगडी भिंती, वर झरोका आणि जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मोठाले रांजण. इथे पोथ्या लिहिल्या जात, शिकवलं जाई. 1245 चा घंटाघराचा मनोरा आणि 1273 चा कोरीव क्रूस-दगडही नीट वेळ देऊन बघा. कवी सायात-नोव्हा याच मठात भिक्षू होता.

गावं तर चुकवूच नका, मठ त्यांच्या मधोमधच आहे. भिंतीला लागून घरं, परसात फळझाडं. हाघपतहून आकनेर गावामार्गे सानाहिनच्या मठापर्यंत पायवाट जाते. वाटेत कायानबेर्द किल्ला लागतो. चालायची सवय असेल तर गाडी सोडून हीच वाट धरा. दोन्ही मठ युनेस्कोच्या यादीत आहेत (हाघपत 1996 पासून, सानाहिन 2000 पासून).

सानाहिन गाव मिग विमानांचे एक जनक आर्तेम मिकोयान यांचं जन्मगाव. आपल्या हवाई दलाने कित्येक दशकं उडवलेल्या मिग-21 जातीचं एक विमान तिथल्या संग्रहालयाच्या आवारात उभं आहे.

मुक्काम हाघपतमध्येच करा. येरेवानहून एका दिवसात जाऊन येता येतं, पण फार धावपळ होते.