सांदवाडीत धामण निघाली, आता काय?

प्रश्न : घरामागच्या सांदवाडीत आठवडाभरापासून सात-आठ फुटांचा पिवळसर साप दिसतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पऱ्हाटीच्या (वाळलेल्या कपाशीच्या काड्यांच्या) ढिगावर उन्हाला येऊन पडतो, माणसाची चाहूल लागली की सळकन आत शिरतो. शेजारी म्हणतात धामण आहे, सासूबाई म्हणतात नाग. घरात दोन लहान मुलं आहेत. मारायचा नाही, पण रात्री झोप लागत नाही. काय करावं? (एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : तुम्ही लिहिलेल्या खुणा धामणीच्या आहेत. दिवसा फिरणं, ढिगावर चढणं, माणूस दिसताच पळणं, आणि एवढी लांबी. तरी नुसत्या पत्रावरून शिक्का मारणं बरं नाही, म्हणून दहा फुटांवरून स्वतः ताडून घ्या. मोबाईलचा कॅमेरा झूम केला तर जवळ जायची गरजच नाही.

आधी तोंड पाहा. धामणीचे डोळे मोठे, बाहुली गोल. वरच्या-खालच्या ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात, काजळाच्या काडीने ओढाव्यात तशा. मान डोक्यापेक्षा बारीक, त्यामुळे डोकं वेगळं उठून दिसतं. नागाचं डोकं आणि मान जवळपास एकाच जाडीची. मग शेपटीकडे या. धामणीचा मागचा भाग काळ्या आडव्या रेघांनी जाळीदार दिसतो. रंगावर जाऊ नका. धामण पिवळी, तपकिरी, शेवाळी, काळपट कशीही निघते, आणि नागही पिवळसर असतो. फणा नाही म्हणून नाग नाही, हेही धरू नका. नाग उगाच फणा काढून हिंडत नाही, मिटलेल्या फण्याने सरपटताना तो चांगल्या जाणत्यालाही फसवतो.

कोंडीत सापडलेली धामण मात्र घाबरवते. मान फुगवते, अंग उचलते आणि घुरघुरल्यासारखा आवाज काढते. ‘फणा काढला’ असा बोभाटा होतो तो इथेच. फरक एवढाच की नागाची मान सुपासारखी आडवी पसरते, धामणीची दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी उभी चपटी होते. समोरून पाहिलं तर नाग रुंद दिसतो, धामण अरुंद. एक जरी खूण जुळत नसेल किंवा शंका राहिली, तर विषारी समजूनच वागा.

आता ती तिथे का आली? पऱ्हाटीच्या ढिगात उंदीर आहेत म्हणून. धामण उंदीर, बेडूक, सरडे, पाखरं, अंडी खाते. विष नाही, अजगरासारखा विळखाही घालत नाही. भक्ष्य तोंडात धरून अंगाच्या भाराने जमिनीला दाबते आणि गिळते. धामण आजच्या आज हाकलली आणि ढीग तसाच ठेवला, तर उंदरांमागे दुसरा साप येईल, आणि तो धामणच असेल याची हमी कोण देणार?

ती दिसली की मुलांना आणि कुत्र्याला घरात घ्या. कुत्रं भुंकत राहिलं तर साप जागचा हलत नाही. आठ-दहा फूट अंतर ठेवा आणि तिच्या निघायच्या वाटेत उभे राहू नका. बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत ती आपली आपण जाते. घरात शिरली तर आतल्या खोल्यांची दारं लावा, दाराखालच्या फटीत ओलं पोतं कोंबा, बाहेरचं दार सताड उघडा आणि खोली रिकामी सोडा. गेली की नाही हे कळायला उंबऱ्यावर चुलीची चाळलेली राख चार बोटं रुंद पसरून ठेवा. साप गेला तर राखेत नागमोडी पट्टा उमटतो. दोन तासांनीही पट्टा नसेल तर सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तोवर एकाने लांबून नजर ठेवावी. साप नजरेआड झाला की शोधायला अख्खं घर उपसावं लागतं.

रॉकेल, फिनेल, कार्बोलिक, गंधक यांपैकी काहीही शिंपडू नका. वासाने साप येत नाही हे खोटं आहे, आणि अंगावर पडलं तर कातडी भाजते, मग तो बिथरून नको तिकडे, म्हणजे घरातच, घुसतो.

ढीग हलवायचा तर दुपारी, ऊन चांगलं तापल्यावर. गमबूट घाला, हात न घालता लांब दांड्याच्या आकड्याने ओढा. सुरुवात घराच्या बाजूने करा आणि वावराच्या दिशेने सरकत जा. बरेच जण उलटं करतात: मोकळ्या बाजूने उपसायला घेतात, साप मागे मागे सरकत भिंतीला लागतो आणि न्हाणीच्या भोकातून आत येतो. पऱ्हाटी, तुराट्या, कुटार घरापासून किमान वीस-पंचवीस फूट लांब रचा. जळतण जवळ लागतंच, ते दगडावर फळ्या टाकून दीड फूट उंच ठेवा, म्हणजे खाली झाडू फिरवता येतो. न्हाणीच्या आणि मोरीच्या तोंडाला पाव इंची जाळी सिमेंटमध्ये पक्की बसवा. अर्धा इंची जाळीतून सापाची पिल्लं सहज येतात. उंदरांची बिळं नुसत्या मातीने बुजवली तर दुसऱ्या दिवशी उघडतात. आत जाळीचा बोळा, वर दगड-सिमेंट.

विदर्भातल्या उन्हाळ्यात आणखी एक जागा सांभाळा: कुलर. मे महिन्यात कुलरखालचा ओलावा, तिथले बेडूक आणि गारवा यांसाठी साप येतात. कुलर जमिनीवर न ठेवता स्टँडवर ठेवा, पाण्याचा पाइप भिंतीतून येतो तिथली फट बुजवा.

रात्रीच्या झोपेचं म्हणाल तर धामण रात्री फिरत नाही. रात्री भीती बाळगायची ती मण्यारची. खाली अंथरूण टाकत असाल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली चारी बाजूंनी खोचा. हा उपाय एरवीही करावा, धामण असो वा नसो.

प्रश्न : धामण गाईच्या पायाला वेढा घालून दूध पिते, तिच्या शेपटीत विष असतं, असं आमच्याकडे म्हणतात. गाईचं दूध खरोखर कमी झालं आहे. (एक पशुपालक, मोर्शी तालुका, जि. अमरावती)

उत्तर : सापाला चोखता येत नाही. त्याला तसे ओठ नाहीत, आणि दात आतल्या बाजूला वळलेले, सुईसारखे. सडाला तोंड लावलं तर गाय लाथ मारून गोठा डोक्यावर घेईल. धामण गोठ्यात येते ती ढेपेवर आणि कुटारात जगणाऱ्या उंदरांसाठी, आणि निसटताना पायांमधून गेली की ‘वेढा घातला’ म्हणतात. शेपटीत विष नाही, काटाही नाही; पकडल्यावर ती शेपटी फटकारते एवढंच. धामण म्हणजे नागाची मादी, हेही खरं नाही. दोघांच्या जाती वेगळ्या, धामणीत नर आणि मादी दोन्ही धामणच असतात.

दूध कमी झालं तर कास पाहा. सड गरम आहे, दाबल्यावर गाय पाय झाडते, पहिल्या धारांत गुठळ्या किंवा रक्ताची झाक आहे, तर ती दगडी, म्हणजे कासेची सूज (कासदाह) आहे. सापाच्या नावावर चार दिवस काढले तर सड कायमचा जाऊ शकतो. पशुवैद्यकाला आजच बोलवा.

प्रश्न : वावरात जाड, आखूड, ठिपकेदार साप निघाला. मजूर म्हणाले अजगराचं पिल्लू आहे, काही करत नाही. एकाने तर हातात घेतलं. (एक शेतकरी, राजुरा तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : हातात घेणाऱ्याचं नशीब. तुमच्या वर्णनाला घोणस, तुमच्या भागात कोणी परड म्हणतात ती, जास्त जुळते. ‘काही करत नाही’ हे धामणीपुरतं चालतं, घोणशीला लावलं की जीव जातो.

घोणशीच्या पाठीवर गडद, लंबगोल ठिपक्यांच्या तीन साखळ्या असतात, मधली पाठीच्या कण्यावरून. ठिपके सारखे, कडा रेखीव. अजगराचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, नकाशातल्या तलावांसारखे. घोणशीचं डोकं त्रिकोणी, शेपटी आखूड, आणि छेडली की कुकरच्या शिट्टीसारखा दीर्घ फुत्कार. तो ऐकला की जागीच थांबा, आवाज कुठून येतो ते पाहा आणि मग उलट्या दिशेने मागे या. गवतात झटकन पळाल्याने पाय तिच्यावरच पडतो.

प्रश्न : भाजीच्या वाफ्याला लावलेल्या नायलॉनच्या जाळीत धामण अडकली आहे. जिवंत आहे. ओढून काढू का? (एक वाचक, देवळी तालुका, जि. वर्धा)

उत्तर : ओढू नका. सापाचे खवले मागे वळलेले, त्यामुळे जाळीत तो पुढे जाऊ शकतो, मागे येऊ शकत नाही. शेपटीकडून ओढलं की धागे खवल्यांखाली आणखी रुततात. सर्पमित्र येईपर्यंत तिच्यावर ओलं गोणपाट टाकून सावली करा. उन्हात तासाभरात ती मरते. डोकं झाकलं की धडपडही थांबते. तो आला की डोकं धरून, बोथट टोकाच्या कात्रीने एकेक धागा कापतो, आधी गळ्याजवळचे, शेवटी शेपटीचे. एक धागा जरी अंगावर राहिला तर कातडीत रुतून जखम चिघळते, म्हणून सोडण्याआधी पूर्ण अंगावरून बोट फिरवून बघायला सांगा.

पुढच्या वेळी जाळी जमिनीपासून वीतभर वर बांधा, खालचा भाग कडक तारेच्या जाळीचा ठेवा. कोंबड्यांच्या खुराड्यालाही हेच. धामण अंडी आणि पिल्लं खाते हे खरं आहे, त्यामुळे खुराडं दोन फूट उंच, आणि चारी बाजूंना पाव इंची तारेची जाळी.

उंदरांसाठी चिकट पाटी लावता ना? तीही बंद करा. तिच्यावर उंदीर चिकटतो, त्याला खायला साप येतो आणि तोही चिकटतो. चिकटलेला साप ओढला तर कातडी उतरते. त्याच्यावर गोडं तेल ओतून हळूहळू सोडवावा लागतो, तेही जाणत्याने.

प्रश्न : धामण चावली तर काय करायचं? (एक वाचक, कारंजा तालुका, जि. वाशिम)

उत्तर : धामण चावली हे नक्की असेल, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पाच-दहा मिनिटं धुवा, रक्त थांबेपर्यंत स्वच्छ फडकं दाबा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. दात लहान पण बरेच असतात, त्यामुळे अर्धगोल ओरखडा दिसतो आणि रक्त भळाभळा येतं.

पण ‘नक्की’ हा शब्द जड आहे. अंधारात चावला, साप पाहिलाच नाही, खुणा सांगता येत नाहीत, तर थेट सरकारी दवाखाना. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. चावलेला हात किंवा पाय फळी लावून हलू देऊ नका, अंगठ्या-कडी काढा, चालायला लावू नका. दोरी आवळून बांधणं, ब्लेडने चिरणं, तोंडाने ओढणं, कोंबडी लावणं यांतलं काहीही नको. दोरीमुळे रक्तप्रवाह तुटून अवयव सडतो. प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालतं. साप मारून दवाखान्यात नेऊ नका; डॉक्टर लक्षणं आणि रक्त गोठतं की नाही यावर ठरवतात, आणि मेल्यासारखा वाटणारा साप चावू शकतो.

प्रश्न : दोन धामणी एकमेकींना पिळून उभ्या होत्या. गावकऱ्यांनी ‘लाग’ (सापांचा समागम) म्हणून अंगावर नवं कापड टाकलं. (एक वाचक, उमरखेड तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : त्या दोन्ही नर होत्या. समागम नव्हे, कुस्ती होती: दोघं अर्धं अंग उचलून एकमेकांची मुंडी जमिनीला टेकवायचा प्रयत्न करतात, हरलेला निघून जातो. समागमात जोडी जमिनीवर लांबट पडून असते, शेपट्या गुंतलेल्या. कापड टाकायला जवळ गेलेला माणूस एवढ्यासाठी पाय घसरून त्यांच्यावर पडू शकतो. आणि पिळून बसलेली जोडी नागांची असली तर?

प्रश्न : खतखड्डा उपसताना बारा पांढरी, मऊ सालीची अंडी निघाली. धामणीची असू शकतात का? (एक वाचक, पुसद तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : असू शकतात, धामण सहा ते पंधराच्या आसपास अंडी घालते आणि ती फुटायला साधारण दोन महिने लागतात. पण नागाचीही असू शकतात, तेव्हा हातात घेऊ नका. ज्या बाजूला उघडी पडली त्या बाजूला तेच शेणखत अलगद पसरा आणि तेवढा कोपरा काठ्या रोवून सोडून द्या, उरलेला खड्डा उपसा. अंडी उलटीसुलटी झाली की आतलं पिल्लू गुदमरतं, कारण ते सालीच्या वरच्या अंगाला चिकटून वाढतं. हलवायचीच असतील तर वनविभागाला किंवा सर्पमित्राला बोलवा. तो वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करून, आहे त्याच स्थितीत, त्याच ओल्या खतासकट उचलतो. अंडी फोडणं आणि साप मारणं या दोन्ही गोष्टी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे गुन्हा आहेत.